श्वासाचे प्रामाण्य

झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवावे, हा प्रश्न भारतीय दर्शनांत 'प्रामाण्यवाद' या नावाने शतकानुशतके चर्चिला गेला आणि त्यात मीमांसक व नैयायिक समोरासमोर उभे राहिले. मीमांसकांनी हा वाद वेदाच्या प्रामाण्यासाठी लढवला हे खरे असले, तरी अपुऱ्या दिवसांचे बाळ नवजात अतिदक्षता विभागातून, म्हणजे बोलीभाषेत 'काचेच्या पेटीतून', ज्या घरात नुकतेच परतले आहे, त्या घरातील पहिल्या काही रात्री हाच प्रश्न एखाद्या वादसभेहूनही अधिक निकराने विचारतात. बाळ श्वास घेत आहे असे आईला दिसत असते. परंतु आपल्याला दिसते ते पुरेसे आहे का, हे तिला कळेनासे झालेले असते.

ही अवस्था तिच्या स्वभावातील दुबळेपणातून येत नाही, ती रुग्णालयातील आठवड्यांनी घडवलेली असते. 37 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या, आणि विशेषतः 32 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या, बाळाच्या मेंदूतील श्वासाचे नियंत्रण करणारे केंद्र पुरते पक्व नसते. त्यामुळे त्याचा श्वास मधूनच थांबतो, आणि हा खंड 20 सेकंदांपर्यंत लांबला, किंवा तेवढा न लांबताही हृदयाचे ठोके मंदावले वा रक्तातील ऑक्सिजन उतरला, तर डॉक्टर त्याला 'अ‍ॅप्निया' म्हणतात. म्हणूनच पायाला चिकटवलेल्या पट्टीतून त्वचेत प्रकाश सोडून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे यंत्र अहोरात्र जोडलेले असते, आणि आई-वडिलांची नजर हळूहळू बाळावरून पडद्यावरच्या आकड्याकडे सरकते. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर पडद्यावरचा आकडा हे 'लिंग', म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीचे अनुमान ज्यावरून करायचे ते चिन्ह आहे; परंतु बाळाने पाय झाडला तरी आकडा खोटाच उतरतो, आणि म्हणून मुरलेली परिचारिका गजर वाजताच आधी बाळाचा रंग आणि छातीची हालचाल पाहते व मगच पडद्याकडे वळते. प्रत्यक्षाला अनुमानाच्या आधी मान देण्याची ही तिची रीत पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. त्यांच्या मनात ठसतो तो गजर.

घरी हे लिंग नाहीसे होते. पट्टी नाही, आकडा नाही, गजरही नाही. आणि गजर नाही म्हणजे सारे ठीक आहे की ठीक नसल्याचे सांगणारेच कोणी उरले नाही, हा संशय आईला झोपू देत नाही. ती नाकाखाली बोट धरते, मग छातीवर हात ठेवते, मग दिवा लावून ओठांचा रंग पाहते, आणि अंथरुणाला पाठ टेकताच पुन्हा उठते. प्रत्येक ज्ञान पारखण्यासाठी तिला दुसरे ज्ञान हवे असते आणि त्या दुसऱ्यासाठी तिसरे. कारणांची ही साखळी कोठेच थांबू शकत नाही, या दोषाला दर्शनकार 'अनवस्था' म्हणतात. सातव्या शतकातील कुमारिल भट्टांनी 'श्लोकवार्तिका'त याच दोषावर बोट ठेवून 'स्वतःप्रामाण्य' मांडले: ज्ञान उत्पन्न होते ते प्रमाण म्हणूनच, आणि त्याला खोटे ठरवणारे 'बाधक' ज्ञान पुढे आले तरच ते सोडायचे असते. शंका आलीच तर फेरतपासणी करावी, पण तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याची गरज पडत नाही, असेही ते बजावतात. न उपजलेल्या बाधकाची जो केवळ कल्पना करीत राहतो, त्याचे सगळेच व्यवहार कोसळतात, हे त्यांच्या नावे सांगितले जाणारे मत बौद्ध आचार्य शांतरक्षितांनी 'तत्त्वसंग्रहा'त खंडनासाठी का होईना नोंदवून ठेवले आहे.

तथापि हे मत अशा आईपुढे जसेच्या तसे ठेवणे अन्यायाचे ठरेल. कुमारिल निराधार शंकेविषयी बोलतात, तर या आईची शंका निराधार नसते. बाळाचा श्वास थांबलेला आणि त्याचा रंग काळानिळा पडलेला तिने स्वतः पाहिलेला असतो. तिला धीर धरायला सांगण्यापूर्वी शंकेचे कारण संपले आहे हे दाखवणे आवश्यक आहे, आणि हे काम घरी पाठवण्याच्या निर्णयामागील रीतच करते: श्वासाला चालना देणारे कॅफीन थांबवल्यानंतर असा खंड एकदाही न पडता काही दिवस जावे लागतात, बाळाला वॉर्मरशिवाय स्वतःची ऊब राखता यावी लागते, ते तोंडाने दूध पुरेसे पिऊ लागावे लागते. डिस्चार्जचा कागद हा एका शंकेच्या निराकरणाचा लेख असतो, आणि तो हातात देताना त्याचा हा अर्थ पालकांना समजावून सांगितला जावा, ही अपेक्षा मुळीच जास्तीची नाही. जे बाळ घरीही ऑक्सिजनवर असते त्याच्याबाबतीत अर्थातच शंकेचे कारण अंशतः शिल्लक असते आणि तेथे यंत्र राहणेच योग्य. एरवी मात्र, अर्भकाचा अचानक मृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून घरगुती मॉनिटर वापरू नयेत, त्याऐवजी बाळाला पाठीवर झोपवावे, असा 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स'चा सल्ला आहे.

शंका आणि बाधक यांतील भेद आरोग्यसेवेच्या साध्या नियमांतही आढळतो. तान्ह्या बाळाचा श्वास मुळात एका लयीत नसतो. पाच-दहा सेकंद थांबून तो पुन्हा भरभर चालू लागणे हे नेहमीचेच असते. भारतात वापरल्या जाणाऱ्या बालआजार व्यवस्थापनाच्या पद्धतीत दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात, आणि आकडा 60 किंवा अधिक आला तर लगेच निष्कर्ष न काढता पुन्हा एकदा मोजायचे असतात; दुसऱ्यांदाही तो तितकाच भरला तरच श्वास जलद मानला जातो. बाळाने दूध सोडणे, अंग गार पडणे किंवा तापणे, छाती आत ओढली जाणे, हाक-हालचालीला प्रतिसाद न देणे, रंग निळसर होणे, ही खरी बाधके होत, आणि ती दिसताच एक क्षणही न दवडता दवाखाना गाठावा लागतो. केवळ रात्र शांत असणे हे बाधक नव्हे.

नैयायिकांना हे पुरेसे वाटणार नाही. त्यांच्या मते प्रामाण्य 'परतः', म्हणजे ज्ञानाबाहेरून, ठरते आणि त्याची कसोटी सफल प्रवृत्ती ही असते: पाणी समजून जवळ गेल्यावर तहान भागली, तर ते ज्ञान खरे. घरी आलेल्या बाळाच्या बाबतीत या मताचे मोल मोठे आहे, कारण बाळाने दूध ओढणे, दुपटी ओली होणे, आठवड्याच्या वजनात भर पडणे या साऱ्या त्याच कसोटीच्या नोंदी आहेत. फक्त त्यांना दिवस लागतात, आणि मधल्या रात्री कुमारिलांवाचून निभावत नाहीत. या दोन दर्शनांतील वाद ग्रंथांत मिटला नसला, तरी येथे दोन्ही मते एकमेकांची उणीव भरून काढतात.

याहून खोल प्रश्न अधिकाराचा आहे. मीमांसेत कर्माचा अधिकारी तोच, ज्याला फळाची इच्छा आहे, ते कर्म करण्याचे सामर्थ्य आहे आणि त्याचे ज्ञान आहे. विभागात असताना आईकडे यांतील इच्छा तेवढी होती. सामर्थ्य आणि ज्ञान दुसऱ्यांच्या हाती होते, आणि स्वतःच्या बाळाला हात लावायलाही तिला परवानगी मागावी लागत होती. घरी येताच ती एकाएकी पूर्ण अधिकारी ठरते, आणि तिची भीती बरीचशी या उडीची असते. म्हणून कांगारू मातृ निगेचे, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लागेल असे धरून ठेवण्याच्या पद्धतीचे, महत्त्व केवळ उबेपुरते नाही. कोलंबियातील बोगोटा येथे 1978 मध्ये एडगर रे सनाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली; आणि भारतासह पाच देशांत झालेल्या व 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे धरल्यास पहिल्या 28 दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण 15.7 वरून 12 टक्क्यांवर आले. जिच्या छातीने हे साधले, ती आई घरी येण्यापूर्वीच अधिकारी झालेली असते, आणि बाळाचा श्वास तिला डोळ्यांआधी त्वचेने कळतो.

घरात अधिकार सांगणारी दुसरी व्यक्ती असते आजी, आणि तिचा शब्द डॉक्टरांच्या शब्दाशी भिडतो तो धुरीवरून. ओवा-शेपा घालून दिलेली धुरी बाळंतघराची जुनी रीत. पण नाजूक फुप्फुसांना कोणताही धूर बाधतो. येथे न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी केलेली 'आप्त' या संकल्पनेची व्याख्या उपयोगी पडते: ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो तो आप्त, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखेच लागू आहे. वय वा पदवी हा निकष नसून विषयाची जाण हा आहे, म्हणून फुप्फुसांबाबत डॉक्टर आप्त ठरतात, तर भुकेचे रडणे आणि पोटदुखीचे रडणे यांतील फरक ओळखण्यात अनेकदा आजीच. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरीच निगा राखण्याचे शिक्षण दिले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्या स्त्रिया शिक्षणाने आणि रोजच्या निरीक्षणाने आप्त झाल्या होत्या. आजीलाही हीच वाट खुली असते, आणि धुरी का नको हे तिला आदराने व कारणांसह सांगितले गेले, तर मध्यरात्री उठून बाळाकडे पाहणाऱ्या डोळ्यांच्या जोड्या घरात दोन होतात.