अधिसंख्य आणि इन्क्लुसिव्ह

हिंजवडीच्या कंपनीत नोकरभरती होत नाही, 'टॅलेंट ॲक्विझिशन' होते. कामावरून काढणेही नसते. ते 'राइटसायझिंग' असते. 'डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन' या त्रिमूर्तीची पूजा बांधायला तर स्वतंत्र खाते असते. स्लाइडवर वेगवेगळ्या रंगांचे हसरे चेहरे झळकतात. किती जागा, कुणाला आणि कधीपर्यंत, एवढे मात्र त्यावर लिहिलेले नसते.

किनवटच्या पोराच्या तोंडी वेगळे शब्द आहेत: बिंदुनामावली, अनुशेष, व्हॅलिडिटी, पेसा. पैनगंगेकाठच्या, तेलंगणाला खेटलेल्या या तालुक्यात गोंड, कोलाम, आंध, परधान राहतात. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही इथेच आहे. 'सरळसेवेचा अनुशेष' हे शब्द कॉफीच्या मगवर छापावेत असे कुणालाच वाटणार नाही.

पण या खडबडीत शब्दांना आकडा चिकटलेला असतो. राज्यात अनुसूचित जमातींना ७ टक्के आरक्षण आहे. जागा भरली नाही तर अनुशेष मोजता येतो, माहिती मागवता येते, कोर्टात जाता येते. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी काढलेल्या आदेशातही समावेशक संस्कृतीचा सुविचार नव्हता. पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना, असा रोखठोक हिशेब होता. उलट मेटा कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये, ट्रम्प यांच्या शपथविधीच्या दहा दिवस आधीच, आपला डायव्हर्सिटी कार्यक्रम गुंडाळला. कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही. जे कबूलच केलेले नसते, ते मोडल्याचा दावा कुणी कसा लावणार?

म्हणून सरकारी भाषा निर्मळ आहे असे नाही. आकड्याला वळसा घालायचा, तर तिच्याकडेही शब्द तयार असतात.

जमातीचा दावा खोटा ठरला तर त्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी जगदीश बहिरा प्रकरणात सांगितले. निकाल स्वच्छ होता. शासनाने २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयात एक शब्द शोधला: 'अधिसंख्य'. दावा अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्याला मूळ पदावरून हलवायचे, त्याच्यासाठी जादाचे पद निर्माण करायचे आणि त्यावर ११ महिन्यांसाठी ठेवायचे. नंतर मुदती वाढत गेल्या. मोकळ्या झालेल्या जागा खऱ्या आदिवासींतून भरायच्या होत्या. त्या भरा, असे म्हणत संघटनांना मोर्चे काढावे लागले.

दुसरीकडे, राज्यपालांच्या अधिसूचनांनी अनुसूचित क्षेत्रांतली तलाठी, ग्रामसेवक अशी पदे स्थानिक आदिवासींसाठी राखली होती. या राखीव पदांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि पेसा कायद्याच्या क्षेत्रातली ही भरती रखडली. परीक्षा देऊन पात्र ठरलेल्या तरुणांना २०२४ मध्ये नाशिकला आंदोलनाला बसावे लागले. त्यानंतर शासनाने त्यांना घेण्याचे ठरवले, तेही 'मानधन तत्त्वावर'. एकाच सरकारच्या कागदावर, अवैध दाखल्याचा कर्मचारी अधिसंख्य झाला आणि वैध दाखल्याचा उमेदवार मानधनी.