फ्रेमवर उरलेल्या बंदुका

रात्री जोडलेला पंख पक्का बसला का, ते पाहायला आज चहाच्याही आधी टेबलाशी गेलो. कॅटलिना नावाच्या जुन्या उडत्या नौकेचं प्लास्टिकचं मॉडेल महिनाभर जुळवतो आहे. प्रमाण एकास बहात्तर. खऱ्या विमानाच्या पंखांचा सुमारे ३२ मीटरांचा विस्तार माझ्या टेबलावर ४४ सेंटिमीटरांत मावतो. खाली होडीसारखं पोट, त्यावर आखूड खांब, खांबावर दोन्हीकडे पसरलेला पंख आणि त्याला तिरक्या आधारकाड्या. पंख केसभर जरी कलला तरी नजरेला खुपतो, म्हणून दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या चळती लावल्या होत्या. या कामातला जोडणीचा द्रव डिंकासारखा मधे बसत नाही. तो प्लास्टिकच्या कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकमेकींत मुरतात. ते मुरणं रात्रीवर सोपवायचं असतं.

पंख मुरत होता तेव्हा मी मात्र अंथरुणात जागा होतो. आज दादाकडे साताऱ्याला जायचं आहे. जुन्या घराच्या वाटणीवरून चार वर्षं आमचं नीट बोलणं नाही. तो काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन, याची जुळवाजुळव रात्रभर चालली होती. एकेक उत्तर घासूनपुसून ठेवत होतो.

सकाळी पुस्तकं हळूच काढून घेतली. पंख सरळ होता. तेवढ्यात नात डोळे चोळत आली. तिने मॉडेल पाहिलं, मग सुट्या भागांची फ्रेम उचलली. "आजोबा, तुम्ही बंदुका लावायला विसरलात."

विसरलो नव्हतो. कॅटलिना हे लढाईतलं विमान. खोक्यात तिच्या बंदुका येतातच. पण मी जी कॅटलिना जुळवतो आहे, तिच्यावर बंदुका नव्हत्या. मग नातीला शेजारी बसवून ती गोष्ट सांगितली.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलिया हवाई वाट मधोमध तुटली. ती सांधायला १९४३ मध्ये क्वांटास कंपनीने पाच कॅटलिना घेतल्या. ऑस्ट्रेलियात पर्थच्या स्वान नदीवरून उडायचं आणि श्रीलंकेत कोग्गलाच्या सरोवरात उतरायचं. अंतर साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक, खाली सगळा हिंदी महासागर. विमानाचा वेग ताशी जेमतेम दोनशे किलोमीटर. एका खेपेला सत्तावीस तासांपासून तेहतीस तासांपर्यंत लागत.

एवढ्या पल्ल्याचं पेट्रोल मुळात विमानात मावेना. मग एकेक वस्तू उतरवायला सुरुवात झाली. बंदुका गेल्या, बचावाचं चिलखत गेलं, थंडी अडवणारं अस्तरसुद्धा गेलं. जितकं वजन उतरलं, तितकी वाटेची शिदोरी वाढली. मला या गोष्टीत हेच फार मोलाचं वाटतं. बंदुका कुणा उपदेशाने उतरल्या नाहीत, पल्ल्याच्या हिशेबाने उतरल्या. जवळच जायचं असतं तर त्या राहिल्या असत्या. लांब जायचं होतं, म्हणून त्या परवडेनात.

यात धोका नव्हता असं नाही. सुरुवातीचे कित्येक तास विमान इतकं जड असे, की दोनांतलं एक इंजिन बंद पडलं असतं तर दुसऱ्याला ते पेलवलं नसतं. शत्रूची विमानं जिथे फिरत, तो टापू अंधारात ओलांडायचा. रेडिओवर बोलायचं नाही. भर समुद्रावर, काळोखात, वाट विचारायची ती ताऱ्यांना. त्या पाच विमानांना नावंही ताऱ्यांचीच होती. अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारेस आणि स्पायका. म्हणजे आपले श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा. ही नावं सांगताच नातीने विमानाकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"मग त्यात होतं काय?" तिने विचारलं.

प्रवासी फक्त तीन. आणि ६९ किलो टपाल. सरकारी कागद आणि सैनिकांची पत्रं. एवढ्यासाठी एवढा खटाटोप. वाटेत प्रवाशांना दोनदा सूर्योदय दिसे, एक रात्रीच्या अलीकडचा आणि एक पलीकडचा. उतरल्यावर त्यांना 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा'चं प्रमाणपत्र मिळे. जुलै १९४५ पर्यंत अशा २७१ खेपा झाल्या. युद्ध संपलं आणि अमेरिकेशी झालेल्या करारापोटी ती विमानं समुद्रात बुडवावी लागली. आज त्यांतलं एकही पाहायला मिळत नाही. म्हणूनच ते आपल्या हातांनी जुळवावंसं वाटतं.

नात शाळेच्या तयारीला गेली. मी विमानाच्या कुशीतल्या पारदर्शक घुमटांकडे पाहत बसलो. लढाऊ कॅटलिनात तिथून बंदुका रोखलेल्या असत. या घुमटांना मी फेविकॉल वापरतो. दुसऱ्या द्रवाने काच धुरकटते, फेविकॉल वाळला की दिसेनासा होतो. बंदूक नसली की त्या घुमटातून नुसतं पाहता येतं.

रात्रभर घासूनपुसून ठेवलेली उत्तरं आठवली. एकेकाला चांगली धार होती. कुठल्या साली कोण काय बोललं, कोणाच्या आजारपणाला कोण आलं नाही, सगळं नेमक्या जागी लागेल असं. पण दादा आता अठ्ठ्याहत्तरचा, मी बहात्तरचा. चार वर्षांचा अबोला ओलांडायचा म्हणजे पल्ला लहान नाही. मी क्षमाशील झालो, असं मला म्हणवत नाही. एवढंच ध्यानात आलं, की ही सगळी उत्तरं बरोबर घेतली तर मी त्याच्या दारापर्यंत पोचेन, त्याच्यापर्यंत नाही. आणि ती उतरवली तर त्याचं एखादं लागट वाक्य मला निमूट सोसावं लागेल. ती जोखीम आहेच. बिनबंदुकीच्या विमानालाही होती.

कपाटातला पत्र्याचा डबा काढला. मी वसतिगृहात होतो तेव्हा दादाने लिहिलेलं एक अंतर्देशीय पत्र त्यात आहे. पहिल्या पगारातून मला पाठवलेल्या पंचवीस रुपयांचा त्यात उल्लेख आहे आणि खाली, अंगावर काढू नकोस, दूध घेत जा, अशी ताकीद. घड्यांवर ते विरत चाललं आहे. जपून पाकिटात घातलं आणि पिशवीत ठेवलं.

बंदुकांची फ्रेम खोक्यात परत ठेवली. आठची एसटी आहे.