घाई तेवढी करू नकोस

चिकलठाणा



काल तुझ्या आईचा फोन आला, त्यात कळलं की होस्टेलच्या कपाटाचं उघडं दार तुझ्या कपाळाला लागलं, टेंगूळसुद्धा आलं नाही, पण तीन रात्री झाल्या तरी तुझा डोळ्याला डोळा लागत नाही, आणि आरशासमोर उभी राहून तू पुन्हा पुन्हा आपली बुबुळं बघतेस. दोन वर्षांपूर्वी कबड्डीत डोकं आपटलं, नंतर गाडीवरून पडलीस, आणि दोन्ही वेळा ती चक्कर, ती मळमळ, उजेड नकोसा होणं, पुस्तकाची एक ओळ चारदा वाचूनही डोक्यात न शिरणं हे सगळं तू (किती मुकाट्यानं गं!) सोसलंस. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हा आता एवढ्याशा धक्क्यानं तुझ्या छातीत धस्स झालं, यात तुझं काही चुकलेलं नाही.

पण बाळा, भीतीला फार घाई असते. तिला आज रात्रीच, या क्षणीच निकाल हवा असतो. आणि नेमकी पंचाईत अशी की मेंदूला हादरा बसल्यावर जे होतं त्यातलं बरंचसं नुसत्या काळजीनंही होतं: डोकं जड होतं, गरगरतं, लक्ष लागत नाही, झोप उडते. मग रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या यातलं खरं कुठलं, ते तुला कसं कळावं? डोक्याला लागलेला प्रत्येक मार म्हणजे मेंदूचा हादरा नव्हे. कवटीच्या आत मेंदू जोरानं हलला आणि काही काळ त्याचं काम बिघडलं तर त्याला कन्कशन म्हणतात. बिघाड कामात असल्यामुळे सीटी स्कॅनमध्ये तो बहुधा दिसत नाही. आधी असा हादरा बसलेल्याला तो पुन्हा बसण्याचा धोका जास्त असतो, हेही खरं, म्हणून ज्यांनी तुला मागे तपासलं त्या डॉक्टरांना उद्याच दाखव. ठरवायचं ते त्यांना ठरवू दे.

एकाच बाबतीत मात्र उशीर नको. डोकेदुखी वाढतच चालली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, शुद्ध हरपली, जागं करूनही ग्लानी जाईना, जीभ अडखळू लागली, हातापायात जोर राहिला नाही, डोळ्याची एक बाहुली मोठी नि एक लहान दिसली, किंवा नाका-कानातून पाणी वा रक्त आलं, तर वेळ-काळ न बघता मैत्रिणीला उठवायचं, १०८ ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. इथे असतीस तर मीच तुला मिनी घाटी दवाखान्यात नेलं असतं, तो आपल्या चिकलठाण्यातच आहे. ही यादी मैत्रिणीलाही देऊन ठेव, म्हणजे पहारा तुला एकटीला द्यावा लागणार नाही.

तुझ्या आजोबांना क्रिकेटचं वेड, म्हणून डोक्याच्या माराचा विषय निघाला की मला बडोद्याचे अंशुमान गायकवाड आठवतात. १९७६ साली किंग्स्टनच्या कसोटीत, डोक्यावर हेल्मेट नसण्याच्या त्या काळात, ८१ धावांवर असताना मायकेल होल्डिंगचा चेंडू त्यांच्या कानावर बसला आणि मैदानातून थेट इस्पितळात जावं लागलं. तेच गायकवाड पुढे पुन्हा भारताकडून खेळले आणि १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटं टिकून त्यांनी २०१ धावा केल्या. अकरा तासांहून जास्त झालं की गं ते! आता तर क्रिकेटचे नियमच सबुरी शिकले आहेत: ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यात मेंदूला हादरा बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू घेता येतो, दुखऱ्या डोक्यानं कुणी मैदानात तग धरायची गरज नाही. तूही डॉक्टर आणि कबड्डीचे सर दोघं हो म्हणतील तेव्हाच, आणि पायरीपायरीनं, मॅटवर उतर.

आता रोजचं सांगते. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगायचे. आता डॉक्टर म्हणतात, खरोखर हादरा बसला असला तरी एक-दोन दिवस जरा दमानं घ्यावं आणि मग हळूहळू हिंडावं-फिरावं. तेव्हा पहाटे ठरल्या वेळी ऊठ, झोप लागली नसली तरी ऊठ. इथे एमआयडीसीच्या पहिल्या पाळीच्या गाड्या जालना रोडला लागतात तोवर माझं अंगण झाडून झालेलं असतं, आणि त्या तासाभरात मनात काळजी शिरायला जागाच उरत नाही. थोडं चालून ये. श्वास सावकाश घे, त्याहून सावकाश सोड. रात्री मोबाईलमध्ये आजार शोधत बसू नकोस. पैशाची काटकसर तुला शिकवावी लागली नाही, तशीच ती आता नजरेचीही कर. स्वतःला तपासायचं ते सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, वहीत दोन ओळी लिहायच्या नि वही मिटायची. डॉक्टरांनी निर्धास्त राहा म्हटलं की तेही बंद. दिवाळीत तू माझ्याजवळ बसून सूपभर तुरीची डाळ निवडलीस, बोटानं एकेक खडा बाजूला सारत, शेवटपर्यंत घाई न करता. तेवढी सबुरी तुझ्यात आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

इतकं करूनही जीव घाबरा होत राहिला तर डॉक्टरांना तेही सांग. मनाचा त्रास सांगण्यात कमीपणा नाही. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर रात्रंदिवस आणि फुकट मिळते, मराठीतही बोलतात. आणि मला कधीही फोन कर. म्हाताऱ्या माणसांची झोप तशीही कमीच.

तू शहाणी आहेस, स्वतःला सांभाळशील, याची मला खात्री आहे. उद्या डॉक्टरांकडे जाऊन ये, ते सांगतील तसं वाग, आणि बरं वाटायला लागतील तेवढे दिवस लागू देत.

तुझी आजी