आधी तुम्ही ऐका

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदात एक घोळ आहे. ‘गाणं ऐक’ म्हणजे कान दे. ‘आईचं ऐक’ म्हणजे ती सांगते तसं कर. ‘हा मुलगा अजिबात ऐकत नाही’ असं शेजारच्या काकू म्हणतात, तेव्हा त्याच्या कानात काही बिघाड आहे असं कुणालाच वाटत नाही. याच धातूची दोन भावंडंही आहेत. ‘ऐकवणे’ म्हणजे झापणे. ‘ऐकून घेणे’ म्हणजे समोरच्याला पुरतं बोलू देणे, किंवा झापलं जात असताना गप्प उभं राहणे. मी का ऐकून घेऊ, असं आपण म्हणतो ते याच अर्थाने.

त्यामुळे चाकणजवळच्या एका शाळेतल्या सहावीच्या वर्गात ‘चला, आज आपण ऐकायला शिकू’ असं मी म्हणालो, तेव्हा मुलांनी जे केलं ते अगदी तर्कशुद्ध होतं. त्यांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मोशीत राहतो. काही मित्रांबरोबर महिन्यातले दोन शनिवार या शाळेत जातो. आमच्याकडे एक छापील उपक्रम होता. ‘सक्रिय श्रवण’ असं त्याचं जडसं नाव. दोघादोघांच्या जोड्या करायच्या. एकाने एक मिनिट बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. मिनिट संपलं की ऐकणाऱ्याने आपल्याला काय समजलं ते सांगायचं आणि ‘बरोबर ना?’ असं विचारायचं. हेतू असा, की वर्ग म्हणजे एकाच खोलीत बसलेली बेचाळीस मुलं न राहता त्यांचा काहीतरी समूह व्हावा.

या भागात तो आपोआप होत नाही. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं १९७० साली एका नगरपालिकेत आली. १९८२ साली तिची महापालिका झाली आणि आता कारखान्यांचा पट्टा पार चाकणच्या पुढे गेलाय. आमच्या वर्गात बीड, नांदेड आणि बुलढाण्याची मुलं आहेत, बिहार आणि उत्तर प्रदेशातलीही आहेत. बहुतेकांचे वडील सुट्या भागांच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे कामाला. ठेका संपला की खोली सुटते, खोली सुटली की शाळा सुटते. यातल्या कितीतरी मुलांना गप्प राहायला शिकवण्याची गरजच नाही. दहा बाय दहाच्या खोलीत वडील नाइट शिफ्ट करून दिवसा झोपलेले असतात. आवाज न करता डबा उघडणं, कुजबुजत भांडणं यात ही मुलं आपल्यापेक्षा तरबेज आहेत.

या तंत्राचा इतिहास मी नंतर वाचला आणि मजा वाटली. ‘अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग’ हा शब्द शाळेत जन्मलेला नाही. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली या नावाची एक छोटी पुस्तिका लिहिली. ती छापली शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंध केंद्राने. तिच्यातली उदाहरणं फोरमन आणि सुपरवायझरची आहेत, वरून आलेल्या ऑर्डरवर वैतागून बोलणाऱ्या माणसाचं ऐकायचं कसं याची. आपल्याकडे त्याच सुमारास, १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समुळे, पिंपरीची औद्योगिक ओळख घडू लागली होती. पुढे रॉजर्स यांचे विद्यार्थी आणि सहकारी थॉमस गॉर्डन यांनी हे तंत्र आधी पालकांच्या वर्गांत नेलं आणि १९७४ साली शिक्षकांसाठीच्या पुस्तकात. म्हणजे शॉपफ्लोअरवरून घरात आणि घरातून वर्गात. आता ते चाकणच्या कामगारांच्या मुलांपर्यंत आलंय. फिरून परत कारखान्याच्या भिंतीशीच.

यात एक शंका दडलेली आहे. सुपरवायझरने कामगाराचं शांतपणे ऐकायचं, ते कामगारासाठी की उत्पादनासाठी? माणसाला मोकळं होऊ दिलं की वाफ निघून जाते, पगार तेवढाच राहतो. आयटीतल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. माझ्या एका जुन्या मॅनेजरने वन-ऑन-वनमध्ये सलग तीन तिमाह्या माझी एकच तक्रार अत्यंत सक्रियपणे ऐकली. मान डोलावली, माझंच वाक्य त्याच्या शब्दांत मला परत दिलं, ‘बरोबर ना?’ असंही विचारलं. चौथ्या तिमाहीत मी सांगणं बंद केलं. मला वाटतं, न ऐकणाऱ्या माणसापेक्षा असं ऐकणारा माणूस जास्त थकवतो. न ऐकणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

रॉजर्स आणि फार्सन यांना हा धोका कळत नव्हता असं मात्र नाही. ऐकणाऱ्याला खरंच आस्था नसेल तर बोलणाऱ्याला ते कळतंच, असं ते बजावतात. शिवाय खरं ऐकण्यात जोखीम आहे, कारण समोरच्याच्या जागेवरून पाहायला गेलात तर तुमचंच मत बदलू शकतं, हेही ते सांगतात. तंत्र शिकवणाऱ्या कार्यशाळांत नेमका हाच भाग गाळला जातो. मान डोलावणं शिकवता येतं. बदलायची तयारी तशी स्लाइडवर मांडता येत नाही.

मग वर्गात ही जोखीम कुणी घ्यायची? आपण मुलांना ऐकायला शिकवायला निघतो, तेव्हा वर्गात सगळ्यात जास्त ऐकवून घेण्याची सवय कुणाला आहे हे विसरतो. दिवसाचे पाच-सहा तास मुलंच ऐकत असतात. मला वाटतं शिकवणी उलट्या टोकाकडून सुरू व्हायला हवी. ज्याच्या हातात खडू आहे, घंटा आहे, हजेरीपट आहे, त्याने आधी ऐकून घ्यायचं.

हे फार थोर वगैरे नसतं. आमच्या वर्गातल्या शेवटच्या दोन बाकांवरची मुलं ‘ऐकत नाहीत’ अशी ख्याती होती. जोड्यांच्या खेळात त्यातल्या एकाने मिनिटभर काय सांगितलं, तर त्याच्या डोक्यावरचा पंखा खडखडतो आणि रस्त्यावरून ट्रेलर गेला की फळ्याकडचं काहीच ऐकू येत नाही. जूनपासून कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. बाईंनी दर सोमवारी बाक फिरवायला सुरुवात केली. प्रश्न ‘ऐकण्या’चा नव्हताच, ‘ऐकू येण्या’चा होता. मराठीने हे दोन शब्द वेगळे ठेवलेत, आपणच ते एक करून टाकतो.

जास्त अडचणीची गोष्ट दुसऱ्या एका जोडीत घडली. मराठवाड्यातून आलेली एक मुलगी सांगत होती, ‘मी आईला म्हणलं, आपण गाव कामून सोडलं?’ ऐकणाऱ्या मुलीने प्रामाणिकपणे परत सांगितलं, ‘ती आईला म्हणाली, आपण गाव का सोडलं?’ मजकूर शंभर टक्के बरोबर. पण पहिली मुलगी ‘बरोबर ना?’वर नुसतीच मान हलवून खाली बघायला लागली. ‘आपल्या शब्दांत सांगा’ या साध्या सूचनेने तिचं वाक्य दुरुस्त करून तिला परत दिलं होतं. कुणीही हसलं नव्हतं, तरी तिला कळायचं ते कळलं.

फलटणच्या मॅक्सिन बर्नसन यांची आठवण होते ती इथे. अमेरिकेतून आलेल्या, पुढे भारतीय नागरिक झालेल्या या भाषाशास्त्रज्ञ. फलटणमधली माणसं कशी बोलतात, त्यांच्या बोलण्यात समाजागणिक काय फरक आहेत, यावर त्यांनी १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएचडी केली. नंतर त्याच गावात शाळेबाहेर राहिलेल्या वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवलं, आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. माझ्या दृष्टीने यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी कान, मग फळा. घरात जे बोललं जातं ते ‘अशुद्ध’ नसून वेगळं आहे, हे ज्या शिक्षकाला ऐकू येतं, त्याच्यासमोर मूल तोंड उघडतं. आम्ही आमच्या खेळात एक शब्द बदलला. ‘आपल्या शब्दांत’ऐवजी ‘तिच्या शब्दांत’. मग वर्गात ‘कामून’ फिरायला लागला. बिहारचा एक मुलगा तो आता मुद्दाम, दिवसातून दहा वेळा वापरतो.

चाकणपासून आळंदी जवळ आहे, म्हणून हेही आठवतं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. ते हुकूम सोडत नाहीत, मागतात. तिथले श्रोतेही हाताची घडी घालून बसलेले नाहीत. ते मध्ये बोलतात, आता पुढे चला असं वक्त्याला सुचवतात. ऐकणाऱ्याला इतका अधिकार असलेला वर्ग मी तरी अजून पाहिलेला नाही.

वर्गशिक्षिका बाईंचं म्हणणं मात्र टाळून पुढे जाता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘सर, तुम्ही शनिवारी येता. सोमवार ते शुक्रवार मी असते.’ हिशोब मांडून बघा. बेचाळीस मुलं, प्रत्येकी एक मिनिट, आणि तास पस्तीस मिनिटांचा. सहावी ते आठवीसाठी एका शिक्षकामागे पस्तीस मुलं हे प्रमाण शिक्षण हक्क कायद्यात आहे, वर्गात ते दिसतंच असं नाही. त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं की मूल भीतीमुक्त असावं, त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडता यावं. त्यासाठी वेळ कुठून काढायचा, हे कलम सांगत नाही. आणि बाईंचं कोण ऐकतं? सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं या सगळ्यात त्यांना फक्त ऐकवलं जातं. जिला कुणी मिनिटभर बोलू देत नाही, तिने बेचाळीस जणांना बोलू द्यावं, ही अपेक्षा मला थोडी निर्लज्ज वाटते.

तरी बाईंनीच मार्ग काढला. परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या असतात. त्यातला सुविचार त्यांनी आठवड्यातून तीन दिवस काढून टाकला. (माझ्या मते महाराष्ट्रातल्या शाळांचं यात काही नुकसान नाही.) त्या वेळात दोन मुलं बोलतात. ज्याला बोलायचं नसेल त्याने ‘पास’ म्हणायचं. एका मुलाने सात वेळा ‘पास’ म्हटलं आणि कुणीही त्याच्या मागे लागलं नाही. मोकळं होण्याची सक्ती हीसुद्धा सक्तीच.

एका नियमावर माझं आणि बाईंचं पूर्ण एकमत आहे. आमच्या छापील उपक्रमात लिहिलं होतं, ‘इथे बोललेलं इथेच राहील.’ ते वाक्य आम्ही काढलं, कारण ते खोटं आहे. एखाद्या मुलाने उद्या सांगितलं की कुणी त्याच्याशी लैंगिक गैरवर्तन करतंय, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं मोठ्या माणसावर बंधनकारक आहे. बोलकं करण्यासाठी मुलाला असं वचन द्यायचं जे पाळणं शक्य नाही, आणि पाळूही नये, ही फसवणूक आहे. बाई आता म्हणतात, ‘तू सांगितलंस तर मी कुणाला सांगीन हे आधी तुला सांगीन.’ याने काही मुलं कमी बोलतील. बोलू देत कमी.

पण सगळ्यात अवघड असतात त्या गोष्टी, ज्यांवर कायदाही नाही आणि इलाजही नाही. ‘कामून’वाल्या मुलीने ऑक्टोबरमध्ये परिपाठात सांगितलं, ‘पप्पांचं काम संपलं. दिवाळीनंतर आम्ही दुसरीकडं जाणार. कुठं ते ठरलं नाही.’ तिच्या जोडीदारणीने तिच्याच शब्दांत परत सांगितलं. ‘बरोबर ना?’ ‘बरोबर.’ पुढे काय? ठेका बाईंच्या हातात नाही, माझ्या नाही, बहुधा त्या ठेकेदाराच्याही नाही. मग हे ऐकणं म्हणजे पुन्हा वाफ काढणंच का?

मला यावर असं वाटतं, की ऐकणारा सगळं सोडवायला बांधील नसतो, पण आपल्या हातात जेवढं आहे तेवढं शोधायला बांधील असतो. त्याने ते शोधलंच नाही, तर तो माझा जुना मॅनेजर. बाईंच्या हातात एक गोष्ट होती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शाळा बदलताना दाखला लगेच द्यावा लागतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे तिच्या आईवडिलांना ठाऊक नव्हतं. मागच्या वेळी गाव सोडताना दाखल्यावाचून तिचं अर्धं वर्ष घरात गेलं होतं. बाईंनी आईला शाळेत बोलावलं, ते कलम एका कागदावर मराठीत लिहून दिलं आणि मुख्याध्यापकांच्या मागे लागून सहामाहीच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी दाखला तयार ठेवला.

त्या दिवशी ती दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, भूगोलाच्या पुस्तकात ठेवून घरी गेली. दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ अशी एक ओळ असते. तिथे ‘स्थलांतर’ लिहिलं होतं. कुठे, हे विचारणारी ओळ त्यावर नाही.