डासाला उंबरठा कळत नाही

एखादं नवं औषध तुमच्यावर तपासायचं असेल, तर आधी तुमची संमती घ्यावी लागते. तुम्ही नाही म्हटलंत की विषय संपला. डासांचं तसं नाही. शेजाऱ्यांनी हो म्हटलं आणि तुम्ही नाही, तरी त्यांच्या अंगणात सोडलेला डास तुमच्या खिडकीतून आत येणारच. मग संमती घ्यायची कोणाची?

आपल्याकडे हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणावर संशोधन करणारं केंद्र काढलं. वंध्य केलेले नर डास सोडायचे, ही त्यातली एक मुख्य कल्पना. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी जुळलेल्या मादीची अंडी उबत नाहीत. १९७५ मध्ये हरियाणातल्या सोनीपतला एडिस इजिप्ती डासांवर असा प्रयोग व्हायचा होता. पण पैसा अमेरिकेचा होता. ही जैविक युद्धाची तयारी आहे, असा आरोप वर्तमानपत्रांतून झाला आणि संसदेपर्यंत गेला. शास्त्रज्ञांनी तो फेटाळला, तरी प्रयोग थांबला आणि केंद्रही बंद झालं. सोडायचं दिल्लीत ठरलं, थांबवायचंही दिल्लीतच.

थांबवणं सुरक्षित वाटतं. पण डेंग्यूचा डास तरी कुठे विचारून चावतो? काही न करण्याचीही किंमत असते, आणि ती भरणाऱ्यालाही कोणी विचारलेलं नसतं.

इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात वोल्बाकिया हा जिवाणू असलेले डास सोडले गेले. त्यांच्यातून डेंग्यू सहज पसरत नाही. २०२१ मध्ये निकाल आला: डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी. तिथे आधी वस्त्यांमध्ये जाऊन लोकांशी बोलणं झालं होतं. डासांच्या अंड्यांच्या बादल्या कित्येकांनी आपल्याच अंगणात ठेवून घेतल्या.

माझ्या मते कसोटी एकच: केलेलं मागे घेता येईल का? वंध्य नर सोडणं बंद केलं, की काही दिवसांत ते मरून संपतात. वोल्बाकिया पिढ्यान् पिढ्या टिकतो. जीन ड्राइव्हने बदललेलं जनुक तर गाव, जिल्हा, देश ओलांडून पसरू शकतं. मागे फिरणं जितकं अवघड, तितक्या जास्त लोकांना आधी विचारायला हवं. एकेकट्याचा नकार पाळता येत नसेल, तर निदान सगळ्यांनी मिळून नाही म्हणण्याची वाट खुली हवी. ती नसेल, तर लोकांना फक्त कळवलं जातं, विचारलं जात नाही.