न दिलेल्याचा हिशेब

एखाद्याचे काम निकृष्ट उतरले म्हणजे त्याच्या अंगीच कसूर आहे असे म्हणावयास वेळ लागत नाही. त्या कामासाठी त्याच्या हाती काय दिले होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आणि विचारलाच तर निकाल देऊन झाल्यावर. दोष ठरविण्यापूर्वी दिल्याघेतल्याचा हिशेब पाहावा, हे साधे तत्त्व आम्हांस मान्य आहे अशी आमची समजूत होती. ते आमच्या आचरणात उतरलेले नव्हते, हे नुकतेच एका संगणकाने आम्हांस दाखवून दिले.

हकीकत लहानशी आहे. आमच्या कार्यालयातील एका तरुण सहकाऱ्यास लिनक्स शिकावयाचे होते. संगणक एकच, आणि त्यावर जमाखर्च व वर्गणीदारांच्या याद्या. तेव्हा आहे ती व्यवस्था पुसून टाकणे शक्य नव्हते. म्हणून त्याने व्हर्च्युअल मशीनचा मार्ग धरला. चालू संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या बळावर दुसरा संगणक उभा करावयाचा आणि त्यात लिनक्स नांदवावयाचे, अशी ही युक्ती आहे. बाहेरच्या संगणकास ‘होस्ट’ म्हणजे यजमान म्हणतात, आणि आतल्यास ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा.

पाहुणा आला, पण त्याची चाल पाहवेना. पडद्यावरची खिडकी ओढावी तर ती अडखळत यावी, तिची सावली मागे रेंगाळावी, अर्धपारदर्शक यादी उघडताना सारा पडदा क्षणभर गोठावा, टंकलेले अक्षर बोट उचलल्यावर काही वेळाने उमटावे! संगणकाचा पंखा मात्र अखंड घरघरत होता. आम्ही दोन संध्याकाळी पाहुण्याच्याच खोलीत घालविल्या. सजावट बदलली, निरनिराळे उपाय केले, अखेर सर्व पुसून पुन्हा बसविले. गुण आला नाही. तेव्हा ‘लिनक्सच मंद आहे’ असा निकाल देऊन आम्ही मोकळे झालो.

तिसऱ्या संध्याकाळी त्या सहकाऱ्याने पाहुण्यास सरळ प्रश्न केला. लिनक्समध्ये ‘जीएलएक्सइन्फो’ नावाची एक आज्ञा आहे. पडद्यावरचे चित्र कोण रेखाटीत आहे, ते ती सांगते. उत्तर आले, ‘एलएलव्हीएमपाइप’. हे कोणत्याही ग्राफिक्स कार्डाचे नाव नव्हे. तसे कार्ड वापरावयास मिळाले नाही म्हणजे त्याचे काम मुख्य प्रोसेसरकडून करवून घेणारी ही सोय आहे. सावल्या, पारदर्शकता, सरकत्या खिडक्या ही सारी कामे लक्षावधी ठिपक्यांची असतात. पुष्कळ ठिपके एकाच वेळी रंगविण्यासाठीच ग्राफिक्स कार्डाची रचना असते. येथे पाहुण्याच्या वाट्यास आलेला एकुलता एक प्रोसेसर आपले नित्याचे काम सांभाळून त्या सावल्यांचा ठिपका न ठिपका काढीत बसला होता. ज्यास आम्ही आळशी ठरविले तो दुप्पट राबत होता. पंख्याची घरघर ही त्याच्या श्रमांचीच खूण होती. ती कानी पडत असूनही आम्हांस उमगली नव्हती.

कारण यजमानाकडे सापडले. तेथील सेटिंगमध्ये थ्रीडी ॲक्सिलरेशनची चौकट रिकामी होती. ती खूण करावयाची राहिली होती आमच्याच हातून. पाहुणा चालू असताना, किंवा त्याची स्थिती जतन करून त्यास निजविले असतानाही, ती करता येत नाही. त्यास पुरता बंद करावा लागतो. तसे करून आम्ही खूण केली, व्हिडिओ मेमरी १२८ मेगाबाइटपर्यंत वाढविली, आणि एकाऐवजी दोन प्रोसेसर दिले. पाहुणा पुन्हा जागा झाला तेव्हा त्याच आज्ञेने निराळे नाव सांगितले, आणि खिडक्या निमूटपणे जागच्या जागी सरकू लागल्या.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघा अभ्यासकांनी अशा यंत्रांची लक्षणे सांगितली. पहिले लक्षण असे, की आतील प्रोग्रामचे वर्तन खऱ्या यंत्रावरील वर्तनासारखेच असावे. त्यास त्यांनी अपवाद ठेविले ते दोनच: वाट्यास येणारी साधने आणि लागणारा वेळ. आम्ही नेमके या अपवादांनाच पाहुण्याचा स्वभाव समजून बसलो होतो.

मग यजमान अपराधी म्हणावा काय? इतके ते सोपे नाही. साधनांवर पूर्ण ताबा नियंत्रकाचाच असावा, हेही त्याच लक्षणांपैकी एक आहे. पाहुण्याच्या खोलीत काही बिघडले तरी घर सुरक्षित राहावे, हा त्या भिंतीचा हेतू. ग्राफिक्स कार्डाची वाट देणे म्हणजे भिंतीस दार पाडणे होय. विश्वासातल्या नसलेल्या पाहुण्यास ही सोय देऊ नये, असे ‘व्हर्च्युअलबॉक्स’च्या माहितीपुस्तकातही बजावलेले आहे. तेव्हा रिकामी चौकट हे कधी कृपणतेचे, तर कधी शहाणपणाचेही लक्षण असू शकेल. मात्र जो जाणून काही राखून ठेवतो, त्याने त्या मानाने आपली अपेक्षाही आवरली पाहिजे. एक तर दार उघडावे, नाही तर सावल्या व पारदर्शकता बंद करून साध्या पडद्यावर समाधान मानावे. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. साधन द्यावयाचे नाही आणि थाट मात्र मागावयाचा, हा तिसरा मार्ग तेवढा अन्यायाचा. न देण्यास सबळ कारण असू शकते; न दिल्याचा विसर पडण्यास ते कोठून आणावे?

कोणी म्हणेल, असा हिशेब मांडू लागलो तर जगात कोणीच दोषी उरणार नाही. आमचा अनुभव तसा नाही. सर्व साधने दिल्यावरही एका खिडकीच्या कडा लुकलुकत राहिल्या. तो दोष पाहुण्याच्या सजावटीतलाच निघाला, आणि आता तो त्याच्या माथी निःशंकपणे मारता आला. हिशेबाने दोष नाहीसा होत नाही. तो ज्याचा त्यास पोहोचतो.

हे लिहीत असता एक गोष्ट आठवते. वर्गणीदारांच्या याद्या वेळेवर होत नाहीत म्हणून या तरुण सहकाऱ्यास आम्ही चारचौघांत मंद म्हटले होते. कार्यालयातला एकुलता एक संगणक त्यास सायंकाळी पाचनंतर मिळत असे, हे तेव्हा आम्हांस ठाऊक होते. त्याने त्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही. आता तो संगणक सकाळचे दोन तास त्याच्याकडे असतो, आणि ते आमचे शब्द आम्ही त्याच चारचौघांसमोर परत घेतले आहेत.