‘सायंटिफिक टेंपर’ आणि पांढरा दोरा



‘सायंटिफिक टेंपर’ हे दोन इंग्रजी शब्द आता आपल्या वस्तीतही ऐकू येतात. सभेत वक्ता सांगतो, ‘आपला धम्म सायंटिफिक आहे’, आणि टाळ्या पडतात. मीही असे बोललो आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. परंतु गेल्या पावसाळ्यात माझ्याच घरी या शब्दांनी मला निरुत्तर केले.

धाकट्या मुलीला तीन दिवस ताप होता. आईने विहारातून परित्राणपाठाचा पांढरा दोरा आणून तिच्या मनगटाला बांधला आणि म्हणाली, “उद्या उतरंल. दवाखान्याची घाई नको.”

मी म्हणालो, “आई, दीक्षा घेतल्यावर गंडेदोरे सोडले ना आपण?”

“ते देवाचे होते बाबा. हा बुद्धाचा. तूच सांगतोस ना, आपलं समदं सायंटिफिक म्हणून?”

मुलीला उचलून मी सरकारी दवाखान्यात नेले. डेंग्यू निघाला. उशीर केलात, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. सहा दिवसांनी पोर घरी आली. उशीर आईने केला असे मी म्हणणार नाही. तिला तो शब्द मीच दिला होता.

टेंपर म्हणजे ज्ञान नव्हे, मनाची घडण. पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना १९४४ साली लिहिलेल्या ग्रंथात हा शब्दप्रयोग केला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत आला. मराठीत आपण ‘विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन’ म्हणतो. पण घरात, बाजारात चालतो तो शब्द ‘शास्त्रीय’, आणि तो मोठा फसवा आहे. रसायनशास्त्र हेही शास्त्र, आणि ज्याच्या आधारे आपल्याला पाणवठ्यावरून हाकलले तेही शास्त्रच! महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, ती आज्ञेचे शास्त्र होती. तेव्हा कोणी ‘यामागे शास्त्रीय कारण आहे’ म्हणाला की विचारावे, कोणते शास्त्र? आज्ञेचे की तपासणीचे?

तपासणी म्हणजे काय ते देवीच्या रोगावरून समजते. गायीच्या देवी आलेल्या गवळणींना हा रोग होत नाही, असे लोक म्हणत. जेन्नरने ते नुसते ऐकून मानले नाही; १७९६ साली करून पाहिले. इतरांनी पुन्हा पाहिले. लस खोटी ठरू शकली असती, आणि ठरली असती तर ते सर्वांना दिसले असते. भारतातला शेवटचा रोगी १९७५ चा. १९८० साली जगातून रोग गेल्याचे जाहीर झाले. दोऱ्याचे तसे नाही. ताप उतरला तर दोऱ्याने, न उतरला तर श्रद्धा कमी पडली. जो कधी खोटा ठरूच शकत नाही, त्याची तपासणी कशी करणार?

केसपुत्त येथे बुद्धांनी कालामांना हेच सांगितले: ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपले गुरू म्हणतात म्हणून मानू नका. मग ‘आपला धम्म सायंटिफिक आहे’ हे वाक्य तरी गुरुजी म्हणतात म्हणून का मानावे? मी शिक्षक आहे, मला हे जरा झोंबते.

आईचे एक मात्र खरे. दोरा बांधल्यावर पोर रडायची थांबली होती. मनाला धीर येतो, तो खोटा नाही. पण धीर आणि औषध या दोन गोष्टी आहेत.

दोरा अजून मुलीच्या मनगटावर आहे. तो सोड, असे मी आईला म्हटले नाही. तिला थर्मामीटर पाहायला शिकवले. आकडे तिला ओळखता येतात.